कबूल केलंय की त्यानं!

"कबूल हाय साहेब," आरोपी म्हणाला, आणि मागच्या बाकावरचे दोन पत्रकार धडपडत दाराबाहेर पळाले.

दोन मिनिटं दम धरला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. आरोपीचं बोलणं संपलं नव्हतं.

"मीच मारलं बायकोला. पन साहेब, तिनंच तसं करायला लावलं. मामेभावासंगट तिचं लफडं होतं. रोज तास-तासभर फोन. त्या दिवशी विचारलं तर उलटं बोलली. माजं डोकं फिरलं. रागाच्या भरात झालं, जाणूनबुजून न्हाय."

जजसाहेबांनी स्टेनोला सांगितलं, "जसं बोलला तसं घ्या. एक शब्द गाळू नका."

स्टेनोनं घेतलं. माझ्या शेजारी मेलेल्या पोरीची आई बसली होती, दुधनीची गंगव्वा. तिची बोली कानडी. मराठी बाजारापुरतं कळतं, कोर्टातलं कळत नव्हतं. तिनं मला कोपरानं ढोसलं. "ए बाई, काय म्हनतोय तो?"

"बाहेर सांगते अव्वा," मी म्हटलं.

मी तेव्हा सोलापूरच्या सेशन्स कोर्टात पैरवीला होते. पैरवी म्हणजे काय, ते माझ्या सख्ख्या जावेलाही शेवटपर्यंत कळलं नाही. सोपं सांगते. पोलीस तपास करतात, आरोपपत्र देतात आणि पुढच्या गुन्ह्याकडं वळतात. इकडं केस कोर्टात उभी राहते तेव्हा साक्षीदार लागतात. त्यांना समन्स पोचवायचं, तारखेला हजर करायचं, घाबरला असेल तर धीर द्यायचा, पळाला असेल तर शोधायचा, हे काम पैरवीचं. छाती फुगवून फोटो काढावा असं यात काही नाही. मी पंचवीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची नऊ या कामात. माझं तोंड फटकळ, म्हणूनच मला तिथं टाकलं असणार.

त्या दिवशी फक्त चार्ज फ्रेम होता. म्हणजे जजसाहेब आरोपीला वाचून दाखवतात की तुझ्यावर अमुक आरोप आहे, तुला कबूल आहे का? शंभरातले नव्व्याण्णव 'कबूल नाही' म्हणतात आणि खटला सुरू होतो. हा 'कबूल' म्हणाला. हा म्हणजे श्रीशैल. टॉवेलच्या कारखान्यात कामाला. बायको महानंदा, घरी बसून बिड्या वळायची. यानं भर दुपारी वरवंट्यानं तिला मारलं होतं.

"खुनाच्या केसमध्ये नुसत्या कबुलीवर मी निकाल देणार नाही," जजसाहेब म्हणाले. "शिवाय ही कबुली अर्धीच आहे. सरकार पक्षानं साक्षीपुरावा सुरू करावा." तीन आठवड्यांनंतरची तारीख पडली.

हे ऐकायला पत्रकार नव्हतेच. मी गंगव्वाला घेऊन गेटबाहेर आले तर फटाक्यांची माळ लागलेली. महानंदाच्या गल्लीतली वीस-पंचवीस माणसं आली होती. एकानं माझ्या तोंडासमोर पेढ्याचा बॉक्स धरला. चहाच्या गाड्यावर तर दुसरं कोर्ट भरलं होतं.

"आता उद्याच्या उद्या फाशी द्या म्हनावं!"

"फाशी कसली? कबूल केलंय की त्यानं. शिक्षा कमी होती मग."

"मला काय वाटतं, मानूस इमानदार निगाला. दुसरा असता तर खोटं बोलला असता."

"आन् बाईचं बी कायतरी असंल की. उगं कोन मारतंय?"

हे शेवटचं बोलणारा चांगला शिकलेला दिसत होता, खिशाला पेन. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून निघाला. पण एकाला पळवून काय होतंय! तासाभरात प्रत्येकाच्या मोबाईलवर स्टेटस होतं, 'आरोपीची कबुली, न्याय मिळाला.' त्याखाली बारीक अक्षरात, 'अनैतिक संबंधातून खून.'

गंगव्वाला मी रिक्षा स्टँडजवळ बसवलं आणि श्रीशैल काय बोलला ते जमेल तसं सांगितलं. माझं कानडी मोडकं. मोडनिंबची मी, लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा शेजारणींकडून शिकले तेवढंच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "हे बी लिवून घेतलं का साहेबानं? लफडं म्हनला ते?"

"घेतलं अव्वा. तो जे बोलला ते लिहावंच लागतं."

"मग आता ते कोन खोडनार?"

तीच पुढं बोलली. "बाई, ती माज्याशी बोलत होती. रोज. माज्याशी."

गोष्ट अशी होती. गंगव्वाकडं साधा फोन होता. त्यातलं सिम तिच्या नावावर नव्हतं. तिच्याकडं त्या वेळी कागदपत्रं नव्हती, म्हणून भावाच्या पोरानं आपल्या नावावर काढून दिलं होतं. खेड्यात निम्म्या म्हाताऱ्यांची सिमं अशीच दुसऱ्याच्या नावावर असतात. त्यामुळं पोलिसांनी फोन कंपनीकडून कॉलचा तक्ता मागवला तेव्हा कागदावर काय आलं? महानंदा रोज दुपारी तासभर मामेभावाच्या नंबरवर बोलते. आणि त्या भागात मामेभावाशी लग्नं होतात. त्यामुळं ऐकणाऱ्याला पटायला काही वेळ लागत नाही. नवऱ्यानं तेवढंच धरलं.

म्हणजे म्हातारी लेकीची रोज खुशाली विचारत होती आणि तेच लेकीच्या नावावर लफडं म्हणून चढलं होतं. जावई जेलात जातोय की फासावर, यात तिला रस उरला नव्हता. ते एक वाक्य खोडलं गेलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी मी गल्लीत गेले ते पद्माला पुढची तारीख सांगायला. पद्मा ही महानंदाची शेजारीण. तेलुगू घरातली, पस्तिशीची. दोघी एका उंबऱ्याला लागून बसून बिड्या वळायच्या. आमच्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची साक्षीदार तीच. तिथं जाऊन बघते तर खुर्च्या मांडलेल्या, माईक लावलेला. मंडळाचा अध्यक्ष अंबादास हात जोडून पुढं आला. "या या मॅडम! पद्माक्कांचा सत्कार ठेवलाय. निर्भीड साक्षीदार म्हनून."

"अरे, तिची साक्ष व्हायचीय अजून!"

"कबूल केलंय की त्यानं! आता कसली साक्ष?"

मी तिथंच हे थांबवायला पाहिजे होतं. पण दिवसभर कोर्टात उभी, पाय गेलेले, समोर खुर्ची. बसले. म्हटलं, गरीब बाईचं कोणी कौतुक करतंय तर करू दे. पद्माच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, तिच्या धाडसावर अंबादास दहा मिनिटं बोलला. मला पण शाल द्यायला आले. ती मी घेतली नाही, एवढी अक्कल शाबूत होती. पेढा मात्र खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकीलसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शांत माणूस. आवाज कधी चढत नाही, त्यामुळं जास्त भीती वाटते. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर सरकवला. गल्लीच्या तोंडाला लावलेल्या डिजिटल बोर्डचा फोटो होता. वर पुढाऱ्यांचे चेहरे, मध्ये 'न्याय मिळाला', खाली शाल घेतलेली पद्मा, 'निर्भीड साक्षीदार यांचे हार्दिक अभिनंदन.' आणि तिच्या मागं मी. तोंडात पेढा.

"काळेबाई, हे काय आहे?"

"चुकलं साहेब."

"नुसतं चुकलं नाही. आरोपीचे वकील ज्येष्ठ आहेत. ते हा फोटो कोर्टात दाखवून म्हणतील, साक्ष द्यायच्या आधीच बाईला शाल, नारळ, आणि शेजारी पोलीस हजर. म्हणजे पोलिसांनी पढवलेली साक्षीदार."

ते पुढं म्हणाले, "लोकांना वाटतं कबुली म्हणजे गोड बातमी. ही गोड बातमी नाही. त्यानं काय कबूल केलं? रागाच्या भरात मारलं. हे खरं धरलं तर खुनाचं कलम जातं आणि सदोष मनुष्यवध उरतो. म्हणजे माणूस मेला, पण मारायचं ठरवलं नव्हतं. शिक्षा कमी. मेलेली बाई उठून सांगणार नाही की असं नव्हतं. ते फक्त पद्मा सांगू शकते."

पद्माकडं सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. एक तर, त्या दुपारी श्रीशैल स्वतः आपल्या पाच वर्षांच्या पोरीला पद्माच्या घरी सोडून गेला होता. "हिला तासभर ठेव, मला काम हाय," म्हणाला होता. तो कधी पोरीला असा आणून सोडत नसे. मग त्यानं घरात जाऊन आतून कडी लावली. रागाच्या भरात असलेला माणूस आधी पोरीची सोय लावत नाही. दुसरं म्हणजे, महानंदा फोनवर कुणाशी बोलते हे रोज शेजारी बसणाऱ्या पद्माला माहीत होतं. आईनं सांगितलं तर आरोपीचे वकील म्हणणार, आईच ती, लेकीची बाजू घेणारच. पद्मा कुणाची नात्यातली नव्हती.

मी पहिल्यांदा बोर्ड उतरवायला गेले. अंबादास म्हणाला, "मॅडम, आट दिवसाचं परमिशन काढलंय. अजून सा दिवस हायत."

"अंबादास, तुझ्या बोर्डामुळं तो सुटला तर परमिशन कुणाचं काढणार?"

"सुटंल कसा? कबूल केलंय की त्यानं!"

हे वाक्य मी त्या तीन आठवड्यांत इतक्या जणांकडून ऐकलं की झोपेत बडबडायला लागले असं घरचे म्हणाले. पंच म्हणून सही केलेला दुकानदार तेच म्हणाला. ज्या रिक्षावाल्यानं महानंदाला दवाखान्यात नेलं तोही तेच म्हणाला. समन्स हातात घेऊन उलट मलाच समजवायचे, बाई, केस संपली. मी अंबादासला खाली बसवून कबुली म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. माणूस उतावळा, पण मनाचा वाईट नाही. त्याचा चेहराच पडला. स्वतः शिडी लावून त्यानं बोर्ड उतरवला. "आमी चांगलं करायला गेलो मॅडम," एवढंच म्हणाला.

पद्माचं दार मात्र बंद. दोनदा गेले, आतून आवाज, "घरात न्हाई." अगं बाई, तूच बोलतेयस की! तिसऱ्यांदा तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. तो म्हणाला, श्रीशैलचा भाऊ येऊन बोलून गेला, शाल घेऊन साक्ष विकते म्हणून. गल्लीतल्या बायकाही कुजबुजतात. "आमाला नको मॅडम ही भानगड. त्यानं कबूल केलंय ना?"

वकीलसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "वॉरंट काढता येईल. पण ओढून आणलेली बाई पिंजऱ्यात उभी राहून 'मला आठवत नाही' म्हणाली तर आपण काय करणार? बघा तुम्ही. एक लक्षात ठेवा, काय बोलायचं ते शिकवायचं नाही. एक अक्षर नाही."

चौथ्यांदा गेले ती दुपारी, नवरा कामाला गेल्यावर. युनिफॉर्म न घालता. पद्मा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. शेजारचं दार कुलूपबंद. मी काही न विचारता तिच्या बाजूला बसले आणि पानं कापायला घेतली. माझ्या हातानं ती वाकडीतिकडी व्हायला लागली. तिनं कात्री काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे मॅडम. माल वाया जाईल."

"वॉरंट आणलेलं नाही मी," म्हटलं. "एवढंच सांग, भीती वाटते का त्याच्या भावाची?"

"तेला कोन भितंय!" ती ताडकन म्हणाली.

"मग?"

तिनं हातातली बिडी पुरती वळली. मग हात थांबले. "शाल घातली ना मॅडम, तवा मेल्यागत झालं मला. धाडसी म्हनले. मी काय धाडस केलं? आवाज आला होता मला. महानंदाचा. 'पद्माक्का' म्हनून हाक मारली तिनं. दोनदा."

तिनं शेजारच्या कुलपाकडं बघितलं.

"पोरगी हितं बसली होती, टीव्ही बगत. तिला ऐकू जाईल म्हनून मी आवाज वाडवला टीव्हीचा. वाटलं, नेहमीसारखं मारत असंल, थांबंल. दार नाय वाजवलं मी. पोलिसांना पन हे नाय सांगितलं. आता कोर्टात साक्ष दिली तर सगळं सांगावं लागंल. ज्यांनी शाल घातली तेच थुंकतील."

मला एकदम गलबलून आलं. हवालदार असले तरी बाईच की मी. माझ्याही बाजूच्या घरातून असे आवाज आलेत आणि मीही एकदोनदा कूस बदलून झोपलेय. हे मी तिला तसंच सांगितलं. मग म्हटलं, "पद्मा, तू काय बोलायचं ते मी सांगणार नाही, मला परवानगी नाही. पण तिकडं दुधनीत एक म्हातारी आहे. तिच्या लेकीला तिचा जावई कोर्टाच्या कागदावर बदफैली म्हणून गेलाय. ते खरं की खोटं हे माहीत असणारी जगात दोन माणसं. एक ती स्वतः, तिचं कोणी ऐकणार नाही. दुसरी कोण ते तुला माहीत आहे."

ती परत बिड्या वळायला लागली. मी उठले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर मागून हाक आली. "मॅडम, किती वाजता यायचं?"

तारखेला ती पावणेअकरालाच हजर. मी वकीलसाहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की बाई काहीतरी जास्तीचं बोलणार आहे, तिच्या स्वतःच्या विरुद्ध. ते म्हणाले, "येईल ते येऊ दे."

पद्मा पिंजऱ्यात उभी राहिली. आमच्या वकिलांनी विचारलं तसं तिनं सांगितलं. पोरीला आणून सोडलं ते सांगितलं, आतून कडी लावल्याचा आवाज सांगितला, दोन हाका सांगितल्या, टीव्ही सांगितला. तिथं तिला जजसाहेबांनी पाणी द्यायला लावलं.

"महानंदा फोनवर कुणाशी बोलायची?"

"आईशी. दोगींचे हात बिडीत असायचे, म्हनून फोन स्पीकरवर ठिवायची मदी. म्हातारी मला पन विचारायची रोज, 'ऊट आयता पद्मा?' जेवली का म्हनून. तेवडं कानडी मला येतंय."

गंगव्वा माझ्या शेजारी ताठ बसली होती. 'ऊट आयता' ऐकल्यावर तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

मग आरोपीचे वकील उठले. गोड बोलणारा माणूस. "बाई, हाका ऐकल्या, टीव्हीचा आवाज वाढवला, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं. बरोबर?"

याला आमच्यात ओमिशन म्हणतात. पोलिसांच्या जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार कोर्टात बोलला, की समोरचा म्हणतो ती मागाहून रचलेली आहे.

"बरोबर."

"का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"आणि फोनवरचा आवाज बाईचाच होता, पुरुषाचा नव्हता, हे कशावरून?"

"साहेब, म्हाताऱ्या बाईचा आवाज आन् बाप्याचा आवाज मला कळत न्हाई का?"

कोर्टात खसखस पिकली. जजसाहेबांनी वर बघितल्यावर गप्प झाले सगळे. वकिलांनी मग बोर्डाचा फोटो काढला. पेढ्यासकट मी जजसाहेबांच्या टेबलावर गेले.

"हा तुमचा सत्कार. साक्ष देण्याआधीच तुम्ही शाल-नारळ घेतला. खरं ना?"

"खरं हाय."

"कशाबद्दल होता सत्कार?"

"धाडस केलं म्हनून. चुकीचा होता तो साहेब." ती थांबली. तिनं वकिलांकडं न बघता सरळ आरोपीकडं बघितलं. "मी धाडस केलं असतं तर ती जिवंत असती."

वकिलांच्या हातात पुढच्या प्रश्नांचा कागद होता. त्यांनी तो घडी घालून ठेवला आणि खाली बसले. माझ्या नऊ वर्षांत मी त्यांना असं मध्येच बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर आल्यावर कोणी थुंकलं नाही. अंबादास व्हरांड्यात उभा होता. तो पद्माची पिशवी रिक्षापर्यंत घेऊन गेला. पद्मानं मला विचारलं, "झालं का मॅडम बरोबर?" मी म्हटलं, "बाई गं, मला विचारू नकोस. मी आता रडेन."

बाकीचे साक्षीदार झाले. डॉक्टर झाले. गंगव्वाचा भाचाही आला, सिमबद्दल सांगून गेला. काही महिन्यांनी निकाल लागला. खुनाचं कलम शाबीत. जन्मठेप.

त्या दिवशी गेटबाहेर फटाके नव्हते. एक पत्रकार होता, त्यानं आरोपीचं नाव माझ्याकडून पुन्हा विचारून घेतलं. चहाच्या गाड्यावर दोघं बोलत होते. "एवढंच? फाशी नाय?" "जाऊ दे, जुनी केस हाय ती." लोकांचा राग कबुलीच्याच दिवशी वापरून झाला होता.

गंगव्वानं मात्र जन्मठेप ऐकून मान सुद्धा हलवली नाही. "बाई, ते लिवलंय का?"

मी वकीलसाहेबांच्या टेबलाशी गेले. त्यांनी निकालपत्र चाळून पानावर बोट ठेवून दिलं. जजसाहेबांनी लिहिलं होतं, मयत महिलेच्या चारित्र्याबद्दल आरोपीनं केलेला आरोप खोटा आहे, ती आपल्या आईशी बोलत असे हे सिद्ध झालं आहे. मी पान घेऊन व्हरांड्यात आले आणि गंगव्वाला आधी मराठीत वाचून दाखवलं. मग माझ्या मोडक्या कानडीत सांगितलं, "अवा हेळिद्दु सुळ्ळु. तो म्हणाला ते खोटं. कोर्टानं लिहिलंय."

"सही हाय?"

"जजसाहेबांची."

"परत एकदा सांग."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. तिनं पदरानं हात पुसला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मी तिथून हलवेपर्यंत ठेवूनच उभी राहिली. मग पायरीवर खाली बसली. "आता रडायला हरकत न्हाय," म्हणाली, आणि रडली. मोठ्यानं, पोटातनं, लाज न ठेवता. इतक्या तारखांना ती माझ्या शेजारी बसली, पण तिच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं ते त्याच दिवशी. जाणारे-येणारे वकील थांबून बघत होते. मी कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

त्या निकालाची शिक्कामोर्तब झालेली नक्कल मी स्वतः अर्ज करून काढली आणि दुधनीला नेऊन दिली. घरी जाताना मन असं हलकं होतं की एसटीत उभी राहून आले तरी पाय दुखले नाहीत.

पैरवीतली नवीन पोरं आता कधी फोन करतात. बाई, आरोपी कबूल झालाय, साक्षीदारांना कळवू का यायची गरज नाही म्हणून? मी त्यांना सांगते, कबूल झाला म्हणजे खरं बोलला असं नसतं. आधी साक्षीदाराच्या घरी जा.